नमुना तीन

पिशवीची गाठ सोडली तर आत नेहमीसारखंच एक तोंड होतं. म्हणजे तोंडाचं माप. दातांच्या दवाखान्यात पत्र्याच्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरतात, तो माणसाच्या तोंडात दाबून धरतात, माणूस डोळे फिरवतो, उमासा आवरतो, आणि दोन मिनिटांनी तो लगदा रबरासारखा घट्ट होऊन त्याच्या दातांचे खड्डे घेऊन बाहेर येतो. ह्याला इम्प्रेशन म्हणायचं. ते ओल्या कापसात गुंडाळून मामाच्या लॅबमध्ये यायचं, आणि गेले पाच महिने ते उघडायचं काम तिच्याकडे होतं. रोज दहा-बारा तोंडं. कुणी सकाळी काय खाल्लं ते कळायचं, कुणाच्या हिरड्यांतून रक्त येतं ते कळायचं, दात घासण्याच्या बाबतीत कोण आयुष्यभर स्वतःशी खोटं बोलत आलंय तेही कळायचं. पहिल्याच दिवशी एका इम्प्रेशनमध्ये तिला कसल्याशा पाल्याचं अख्खं पान चिकटलेलं दिसलं, हिरवंगार, देठासकट, आणि ती मोरीवर जाऊन ओकली. मामा मागून म्हणाला, "ओक, ओक. मी पण ओकलो होतो. न ओकणारी माणसं ह्या कामात टिकत नाहीत." मग त्यानं तिला लॅबचे दोन नियम सांगितले. इम्प्रेशन उघडं ठेवायचं नाही, ते हवेत आकसतं. आणि मेणाचं काम खिडकीत ठेवायचं नाही, दुपारी तिथे ऊन येतं. अशा रीतीनं तिची नेमणूक पक्की झाली.

चिठ्ठीवर नाव नव्हतं. नाव कधीच नसायचं. नंबर, वय, आणि डॉक्टरीणबाईंच्या तिरक्या अक्षरात काय करायचं ते. ‘स्त्री, १७. वरची मधली फट बंद. नमुना ३. आधी मेणात दाखवणे. उद्या ११.’ तिनं ट्रे नळाखाली धरला, लाळ धुतली, दिव्याकडे तिरका केला, आणि तिचा हात थांबला. इम्प्रेशनमध्ये सगळं उलटं असतं. दात असतो तिथे खड्डा, आणि फट असते तिथे भिंत. समोरच्या दोन खड्ड्यांच्या मध्ये लगद्याची एक उभी गुलाबी भिंत होती, चांगली जाड. डावा सुळा जरा आत वळलेला. उजव्या पुढच्या दाताचा खालचा कोपरा नव्हता. तो कोपरा वाचनालयाच्या नळावर आपटून उडाला होता, दीड वर्षापूर्वी, पाणी पिताना हसू आल्यामुळे, आणि हसवणारी शेजारीच उभी होती. ही स्वतः.

"शिट्टी," ती म्हणाली. मोठ्यानं नाही.

लगदा आकसायला लागला की अर्ध्या तासात दात खोटे होतात, त्यामुळे ह्या धंद्यात भावनांना फारसा वाव नाही. तिनं घड्याळ पाहिलं. एक गोष्ट तिला ताबडतोब सुचली, आणि सुचली ह्याचीच तिला किळस आली: हे असंच ठेवायचं. एक तास, दीड तास, पंख्याखाली. सगळं माप बिघडेल, मग काहीही बसणार नाही, फट बंद होणार नाही. पण मग डॉक्टरीणबाई शिट्टीला परत बोलावतील, परत तो थंडगार लगदा तिच्या तोंडात कोंबतील, आणि ती परत डोळे फिरवील. शिट्टीला उमासा फार लवकर यायचा. साधी गोळी गिळतानासुद्धा ती अशी काही तोंडं करायची की पाहणाऱ्याला पाणी प्यावंसं वाटायचं. मग ही उठली, रबराच्या वाडग्यात प्लास्टर घेतलं, पाणी घातलं आणि घोटायला लागली. थरथरणाऱ्या मशीनवर ट्रे धरून एका कोपऱ्यातून थोडं थोडं ओतायचं, म्हणजे हवा अडकत नाही. हवा अडकली तर दातावर फोड येतो. तिनं इतकं सावकाश ओतलं की सिरॅमिकवाले काका डोळ्यांवरचं भिंग वर करून म्हणाले, "भाचीबाई, दात आहेत ते. अत्तर नाही." हे काका वीस वर्षं चिनी मातीचे दात भाजत होते आणि माणसांकडे फक्त नाकाखाली बघायचे.

शिट्टीला शिट्टी म्हणायचे कारण ती त्या फटीतून शीळ वाजवायची. ओठ न हलवता, चेहरा एकदम साधा ठेवून. क्लासमध्ये सर फळ्याकडे वळले की कुठूनतरी बारीक शीळ यायची, सर मागच्या बाकावरच्या मुलांना बाहेर काढायचे, आणि शिट्टी वहीत समास आखत बसायची. ती त्या फटीतून तीन फुटांवर चूळ मारू शकायची. बसच्या तिकिटाची चार पदरी घडी करून ती फटीत उभी करायची आणि तसंच बोलायची. बाकी माणसांच्या तोंडाबद्दल ही तेव्हा काहीच विचार करत नसे. माणसांना तोंड असतं हेच हिला पुष्कळ होतं. वाचनालयाच्या मागच्या जिन्यात बसून किशोर विभागातली पुस्तकं मोठ्यानं वाचायची त्या दोघींची पद्धत होती. शिट्टी नायकाचे संवाद वाचायची, ही नायिकेचे. म्हणून हिचं नाव नायिका. त्या पुस्तकांतल्या मुली साधारण एकशेचाळिसाव्या पानापर्यंत चष्मा लावायच्या, पोक काढून चालायच्या, आणि फार विचार करायच्या. मग कुणी मावशी नाहीतर आतेबहीण त्यांना आरशासमोर बसवायची, आणि एकशेपंचेचाळिसाव्या पानावर त्या जिना उतरून आल्या की नायकाच्या हातातला पेला खाली पडायचा. "पेला का पडतो पण?" शिट्टी विचारायची. "हात ओला असेल." "दर वेळी?" "गरीब लोक आहेत, टॉवेल नसेल." सगळं कपाट त्यांनी असं संपवलं. दोन मुलींचं असं एकच पुस्तक निघालं, आणि त्यातली एक शेवटच्या प्रकरणात परगावी गेली व दुसरीनं तिला पत्र लिहिलं. पत्रात हवामानाविषयी बरंच होतं.

एकदा तसल्याच एका पानावर शिट्टी थांबली. "इथे लिहिलंय, सगळं जग थांबलं."

"मग?"

"थांबतं का, बघायचं?"

दोन सेकंद, ओठांवर ओठ. जिन्याखाली शिपाई बादली आपटत होता. ती काही थांबली नाही. "नाही थांबत," शिट्टी म्हणाली. "नाही." "पण बरं वाटतं." "हो." मग त्यांनी पुढचं प्रकरण वाचलं, कारण पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात एक मॉडेल हातात धरल्यावर कळलं, आणि तिनं दचकून ते टाकून दिलं होतं, कारण एका अनोळखी बँकवाल्याचा जबडा तिच्या तळहातावर जिवंत झाल्यासारखा वाटला. आज तिनं ट्रे उचलला नाही. ओट्यावर ठेवून लांबून बघत बसली. तिला माहीत होतं की आत्ता आत ते गरम होतंय, आणि अर्ध्या तासात पुन्हा गार होईल, आणि मग ते दगड होईल. समोरच्या भिंतीवर मामाचा अभिमान लावलेला होता: हसण्याचे सहा नमुने, मोठ्या फोटोंत, नाकाखालून हनुवटीपर्यंत कापलेले. डोळे नाहीत. नमुना एक रुंद, नमुना दोन गोलसर, नमुना तीन सरळ, एकसारखा, दोन्ही बाजूंना मोजून सारखा. डॉक्टर लोक पेशंटला हेच फोटो दाखवायचे, आणि पेशंट बराच वेळ विचार करून, घरच्यांना विचारून, कधी दोन दिवस मागून घेऊन नमुना तीन सांगायचे. शाळेतल्या बाई, औषधवाला, तिकीट खिडकीतला माणूस, लग्न ठरलेल्या मुली, लग्न न ठरणाऱ्या मुली. "अख्ख्या गावात माझं हसू फिरतंय," मामा म्हणायचा, आणि ते खरं होतं. तिला रस्त्यानं चालवत नसे. समोरून कुणी ओळखीचं हसलं की तिला त्या तोंडामागे पत्र्याचा ट्रे दिसायचा, लाळ दिसायची, आणि पुढे करून ठेवलेला तो तयार पांढरा कठडा.

शिट्टीनं म्हटलेली ती ‘शी’ ह्या सगळ्याच्या आधीची. जिन्यानंतर आठवड्याभरानं. कुणीतरी पाहिलं होतं, कुणीतरी पाहतंच. क्लासच्या पाण्याच्या टाकीपाशी सहा-सात मुलींनी शिट्टीला घेरलं, आणि ही चार पावलांवर बाटली भरत होती, म्हणजे सगळं ऐकू यावं अशी व्यवस्था होती. "खरंय का गं? तू आणि ती?" शिट्टीनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग खालचा ओठ ओढला, म्हणाली, "शीऽऽ!" ई लांबवलेली, शेवटी नाकातून तोडलेली, आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं तोंड पुसलं, डावीकडून उजवीकडे, एकदाच, ओट्यावरचा ओघळ पुसावा तसं. सगळ्या हसल्या. बाटली भरून वाहत होती. त्या दिवसापासून ती ‘शी’ हिच्या तोंडात येऊन राहिली. दात घासले तरी जाईना. शिट्टीनं पुसलं म्हणजे पुसण्यासारखं काहीतरी तिथे असणार, आणि ते आपल्या तोंडातून गेलं असणार, असा सरळ हिशेब होता. क्लासमधून घरी फोन गेला, आई पलंगावर बसली आणि म्हणाली, "तसलं काही आपल्यात नाही," जणू एखादी वस्तू दुकानात मागितली होती. मग वडिलांशी बोलणं झालं, मग मामाशी, आणि तिची रवानगी गावाच्या दुसऱ्या टोकाला मामाच्या घरी झाली. डोकं रिकामं राहिलं की नाही ते सुचतं, तेव्हा हाताला काम हवं. परीक्षा बाहेरून देता येईल. केस वाढवायचे, खाली मान घालून नाही पण जरा बघून चालायचं, मोठ्यानं हसायचं नाही. दर रविवारी आई फोनवर विचारायची, "बदल वाटतोय ना गं?" आणि ती म्हणायची, "हो." केस खरोखरच वाढले होते. मामानं फक्त पहिल्या दिवशी विषय काढला आणि तिथेच संपवला: "ताईनं मला सांगितलंय. मला काही विचारायचं नाही. हात चालू ठेव." त्याबद्दल ती त्याची आभारी होती, आणि आभारी असण्याची तिला किळस यायची. मामी रोज डबा भरून द्यायची आणि तो अर्धा परत यायचा. "खात काही नाहीस, दात मात्र पाचदा घासतेस," मामी म्हणायची. "आपल्या धंद्याला शोभतं ते," मामा म्हणायचा, आणि लॅबमधल्या त्याच टेबलावर, चारी बाजूंना जबडे ठेवलेले असताना, मिटक्या मारत उकडलेलं अंडं खायचा.

मॉडेल सुटून आलं. लॅबच्या पद्धतीप्रमाणे तिनं त्याची जोड काढली: एक ‘आधी’, एक ‘नंतर’. ‘आधी’ला हात लावायचा नाही, ‘नंतर’वर मेण चढवून दाखवायचं की बाई, तुम्ही अशा दिसाल. दोन्ही एका डब्यात शेजारी शेजारी जातात, म्हणजे माणसाला आपलं तोंड बघून आपलीच लाज वाटते आणि तो हो म्हणतो. हे मामानं शोधून काढलेलं होतं. तिनं काका मोरीकडे गेलेले पाहून खिशातून बसचं तिकीट काढलं, चार पदरी घडी केली आणि ‘आधी’च्या फटीत लावून पाहिली. तिकीट उभं राहिलं. सरळ, न हलता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला एखादं तोंड बघून मळमळलं नाही, आणि हे कळताच मात्र भडभडून आलं, कारण हे जे हातात होतं ते तोंड नव्हतं, दगड होता, आणि त्याचं मूळ ह्याच गावात कुठेतरी बसून नमुना तीनची वाट पाहत होतं.

मेणाचं काम तिला उत्तम यायचं. हीच तर सगळ्यात घाणेरडी गोष्ट. दिव्यावर हत्यार तापवायचं, हस्तिदंती मेणाचा थेंब उचलायचा, दाताच्या कडेला सोडायचा, निवला की कोरायचा. पहिला थेंब तिनं टवक्यावर ठेवला आणि नळावर उडालेला कोपरा परत आला. मग फटीच्या डाव्या कडेवर, मग उजव्या. फट अरुंद होत गेली. तिकीट मावेना, मग तिकिटाचा एक पदर मावेना, मग केस. तिला मध्येच जाणवलं की आपण रमलोय. जीभ दातांखाली धरून, मान तिरकी करून, सुळा किंचित बाहेर आणला तर ओळ कशी जुळेल हे पाहतोय. सहा महिन्यांपूर्वी जिच्यासाठी आपण पाण्याच्या टाकीपाशी मेलो, तिचं तोंड आपण इतकं साफ बुजवतोय की काकासुद्धा भिंग लावून म्हणाले, "वा! कुठून बुजवलंय ते कळत नाही." मामा आला, त्यानं मॉडेल दिव्याखाली फिरवलं. "बघ. कशाला ते कॉलेज नि फिलेज. देवानं चुका करायच्या आणि आपण त्या निस्तरायच्या. उद्या तूच घेऊन जा डॉक्टरीणबाईंकडे, पेशंटला काही कमीजास्त करायचं असेल तर तिथल्या तिथे करून दे." ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला पाठवा. "दुसरं कोण आहे? काका?" काकांनी मान वर न करता सांगितलं की ते बाहेर जात नाहीत, बाहेर माणसं असतात.

दुसऱ्या दिवशी अकराला ती दवाखान्यात गेली. डब्यात ‘नंतर’ एकटंच होतं. ‘आधी’ तिच्या पिशवीत होतं, रुमालात गुंडाळलेलं. ते तिनं चोरलं होतं असं म्हणता येईल. लॅबची जुनी मॉडेलं पोत्यात भरून शेवटी मागच्या अंगणातले खड्डे बुजवायला जायची, तिथून चालताना पायाखाली कुणाचीतरी दाढ लागायची, आणि शिट्टीवर पाय पडण्याचा विचार तिला सहन झाला नव्हता. दवाखान्याच्या खुर्चीत शिट्टी आडवी होती, छातीवर कागदी रुमाल. केस नीट विंचरलेले. हिला पाहून ती उठायला गेली आणि दिव्यावर डोकं आपटलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर एक बाई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या, शिट्टीची आई. त्यांनी हिला कधी पाहिलं नव्हतं. हिच्याबद्दल फोनवर ऐकलं होतं फक्त, दुसऱ्या लोकांकडून.

"आधीचं कुठाय?" डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून विचारलं.

"राहिलं."

"असं कसं राहिलं? मी तुलना कशाशी दाखवू?"

"असू दे हो डॉक्टर," शिट्टीची आई म्हणाल्या, "आधीचं काय बघायचंय? सतरा वर्षं तेच बघतोय." मग ‘नंतर’ हातात घेऊन त्यांनी ते खरोखरच डोळे भरून पाहिलं. "किती सोज्वळ दिसतंय नाही? तू केलंस का बाळा हे? गुणाची गं. बघ, तुझ्याएवढीच असेल, आणि कशी कामाला लागलीय." शिट्टी छताकडे बघत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर या, तारखेचं आणि भूल देण्याचं सांगते. आणि दोघी गेल्या. दार पूर्ण लागलं नाही.

"काय नायिके," शिट्टी म्हणाली. स फटीतून निसटावा तसा तिचा श्वासही बोलताना निसटायचा. तो तसाच होता.

"काही नाही."

"माझं तोंड तुझ्याकडे आलं म्हणजे."

"सगळ्यांचीच येतात."

"घाण वाटत असेल."

"वाटते."

"माझी पण?"

ती डब्याचं झाकण लावत राहिली. ते आधीच लागलेलं होतं. "नाही," ती म्हणाली.

शिट्टीनं कागदी रुमालाचा कोपरा फाडला, त्याची गोळी केली. "मी त्या दिवशी शी म्हटलं."

"ऐकलं मी. बाटली भरत होते."

"मला दुसरं काही आलंच नाही तोंडात. म्हणजे मी काहीतरी वेगळंच बोलणार होते. तोंड उघडलं आणि तेच आलं."

"पुसलंस पण."

"पुसलं. रडले वगैरे नाही मी नंतर. खोटं कशाला सांगू. घरी जाऊन जेवले. मग आठ-दहा दिवसांनी एकदम वाचनालयाच्या नळावर रडायला आलं, शिपायानं हाकललं."

"त्या शिपायाला काही कळत नाही."

"नाहीच कळत." शिट्टी हसायला गेली आणि तिनं हात तोंडावर धरला. हे नवीन होतं. पूर्वी ती हात धरत नसे. "आईला वाटतं ह्या फटीतूनच सगळं आत आलं. हे एक बंद केलं की झालं, म्हणते."

"काय झालं?"

"सगळंच. एकशेपंचेचाळीस पान." ती ‘नंतर’कडे बघत होती. "छान केलंयस. मी कुठाय ह्यात?"

ह्याचं उत्तर पिशवीत होतं. ते काढताना आपण आता जे करतोय ते पुस्तकातल्यासारखं दिसेल की काय ह्या विचारानं तिचे कान गरम झाले, आणि रुमालाची गाठ सुटेना. शेवटी तिनं ‘आधी’ शिट्टीच्या मांडीवर ठेवलं. "हे तुझं. आमच्याकडे ठेवलं तर खड्ड्यात जातं. खरोखरच्या." शिट्टीनं ते उचललं, फिरवलं, टवक्यावर अंगठा ठेवला. "बाई गं," ती म्हणाली, "हा नळ." आणि हात पुढे केला. काय मागतेय ते बोलावं लागलं नाही. हिनं तिकीट दिलं. घडीच्या रेघा पडलेल्याच होत्या. शिट्टीनं ते आधी मेणाच्या दातांना लावून पाहिलं. ते घसरून खाली पडलं. मग स्वतःच्या दातांत लावलं. उभं राहिलं.

तेवढ्यात दार उघडलं. "चला, पुढच्या सोमवारी नक्की करू या," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "काय गं, पसंत आहे ना?" शिट्टी तिकीट दातांत धरून बसली होती, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, किंवा बोलायचं नव्हतं. आईनं दोन पावलं पुढे येऊन पाहिलं. त्यांचा खालचा ओठ ओढला गेला. "शीऽऽ!" त्या म्हणाल्या. "काढ ते तोंडातून, कुठलं कुठलं घाणेरडं!" आणि त्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूनं स्वतःचंच तोंड पुसलं, डावीकडून उजवीकडे, एकदाच.

ती ई लांबवलेली, शेवटी नाकातून तोडलेली.

तिनं गेल्या पाच महिन्यांत शेकड्यांनी जबडे हाताळले होते आणि एका साच्यातून निघालेले दोन नग तिला झोपेतही ओळखता आले असते. तिनं त्या बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग शिट्टीच्या. जी ‘शी’ ती सहा महिने स्वतःच्या तोंडात वागवत होती, दिवसातून पाचदा घासत होती, ती शिट्टीची नव्हतीच. ती तयार होती. कोणे एके काळी कुणाच्या तरी तोंडात दाबून बसवलेली, तिथून पुढे एकमेकींच्या मापानं ओतत आणलेली. टाकीपाशी सगळे बघत असताना शिट्टीनं तोंड उघडलं आणि हाताशी होती ती बाहेर आली. गावात सगळे नमुना तीनच सांगतात. हे कळून तिला दिलासा वाटायला हवा होता. वाटली ती किळसच, पण पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला तोंड करून. त्या बाई फार वाईट नव्हत्या. त्यांनी हिला बाळा म्हटलं होतं. पुढे केलेल्या तळहातावर तिकीट थुंकून टाकावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

शिट्टीनं ओठ मिटून घेतले. तिकीट आतच होतं. नाकानं श्वास घेत ती खुर्चीत सरळ बसली, आणि मांडीवरचं ‘आधी’ तिनं कागदी रुमालाखाली सरकवलं.

"पेशंटला विचार करायला वेळ देऊ," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, त्यांना पुढचा पेशंट होता.

लॅबमध्ये परत आली तेव्हा दोन वाजत आले होते. मामानं विचारलं, "काय? पसंत?" "विचार करते म्हणाली." "करू दे, करू दे. आठ दिवसांत होकार येतो. आजवर एक परत आलेला नाही. मेण जपून ठेव." ती बरं म्हणाली. तो म्हणतोय ते खरंही असेल. शिट्टी हो म्हणेल, कदाचित सोमवारीच, आणि तेव्हा कुणी तिला नावं ठेवू शकणार नाही. तिच्या घरी तिला रोज जेवायला बसायचं होतं. तिनं हात धुतले, मामीचा डबा उघडला. चारी बाजूंना जबडे होते, बँकवाल्यांचे, मास्तरांचे, नव्या नवऱ्यांचे, उघडे आणि पांढरे, आणि कालच्यापेक्षा कमी ओंगळ दिसत नव्हते. तिला भूक लागली होती. टेबलावर जागा करायला तिनं ‘नंतर’ उचललं आणि खिडकीत ठेवलं.

काकांनी भिंग वर केलं. "भाचीबाई. ऊन."

"हो," ती म्हणाली आणि खायला लागली.

काका थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी भिंग खाली घेतलं, कारण मेण त्यांचं खातं नव्हतं. ती खात होती. मामा ओरडेल, परत करायला लावेल, आणि ती परत करील, तेवढंच सुबक. पण त्याला आज संध्याकाळ होईल. ऊन चौकटीवरून सरकत आधी दाढांवर आलं, मग सुळ्यावर. पुढचे दोन दात चमकायला लागले. मग त्या सोज्वळ कठड्याच्या मधोमध एक थेंब जमला, जड झाला, खाली घसरला, आणि त्याच्या मागे बारीकशी काळी रेघ दिसली. मामीच्या डब्यात खाली थोडंसंच उरलं होतं. तिनं तेही बोटानं पुसून खाल्लं.